बी.एड.चे छात्राध्यापक तुमच्याकडे येणार असतील तर : विज्ञान शिक्षकांसाठी पायरी-पायरीने

मुख्याध्यापकांच्या टेबलावर अध्यापक महाविद्यालयाचं पत्र येतं. मधल्या सुट्टीत शिपाई निरोप घेऊन येतो, 'विज्ञानाचे दोघं तुमच्याकडे दिलेत.' झालं, तुम्ही मार्गदर्शक शिक्षक झालात. हे काम कसं करायचं हे कुणी शिकवत नाही. त्यासाठी तास कमी होत नाहीत आणि मानधन तर विचारूच नका. त्यामुळे बऱ्याच शाळांत एकच पद्धत पडून गेलीय. छात्राध्यापक तास घेतात, आपण तेवढ्या वेळात वह्या तपासतो आणि शेवटी निरीक्षण वहीत 'पाठ चांगला झाला, फलकलेखन सुधारावे' असा शेरा मारून सही करतो.

ही जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी थोडा हिशेब. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेतल्या कामाचे किमान 20 आठवडे आले, पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. म्हणजे या मुलामुलींचा सगळ्यात मोठा सलग काळ महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडे जात नाही, तो तुमच्याकडे जातो. मेथड मास्टर, म्हणजे त्यांना विषयाची अध्यापन पद्धती शिकवणारे प्राध्यापक, अधूनमधून येऊन दोन-चार पाठ बघून जातात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे पाच-सहा शाळा असतात. रोज शेजारी उभं राहणारं माणूस तुम्हीच.

माझं मत आधीच सांगते. सोळा आठवड्यांत चाळीस निरनिराळे पाठ घेणाऱ्यापेक्षा वीस पाठ दोनदा घेणारा छात्राध्यापक जास्त तयार होऊन बाहेर पडतो. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं याच मताभोवती फिरतं.

ते येण्याआधी

महाविद्यालयाची मागणी लेखी घ्या. एकूण पाठ किती, त्यांत विज्ञानाचे किती आणि दुसऱ्या विषयाचे किती, घटक चाचणी घ्यायची का, उपक्रम कोणते, कशाकशावर तुमची सही लागणार. प्रत्येक विद्यापीठाचं यात वेगळं असतं. हे नंतर विचारलंत तर शेवटच्या आठवड्यात दहा पाठ एकदम उरकायची वेळ येते.

मग मुख्याध्यापकांशी बसून दोन गोष्टी ठरवून घ्या. पहिली, कोणते वर्ग. दहावी देऊ नका, निदान सुरुवातीला तरी. दहावीला भाग 1 आणि भाग 2 असे दोन पेपर, शिवाय प्रात्यक्षिकाचे 20 गुण. पालकांचं लक्ष, अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि या सगळ्यात नवखा माणूस, हे कुणाच्याच भल्याचं नाही. आठवी आणि नववी उत्तम. शक्य असेल तर एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या मागून घ्या, 9वी अ आणि 9वी ब. याचा उपयोग पुढे येईल.

दुसरी गोष्ट बदली तासांची. शाळेत चार छात्राध्यापक आले की पर्यवेक्षकांना चार मोकळी माणसं दिसतात. गैरहजर शिक्षकांचे तास, पोषण आहाराच्या नोंदी, प्रार्थनेच्या रांगा, सगळं त्यांच्या गळ्यात पडतं. शाळा कशी चालते ते कळायला थोडंफार हवंच. पण आठवड्याला किती बदली तास हे आकड्यात ठरवून घ्या. 'बघू, ॲडजस्ट करू' म्हणालात तर आकडा ठरणार नाही आणि तास वाढत जातील.

आणखी एक, दिसायला बारीकसं काम. त्यांची वर्गाशी ओळख करून देताना 'हे बी.एड.चे विद्यार्थी आहेत, शिकायला आलेत' असं म्हणू नका. 'हे कुलकर्णी सर, हे तुम्हाला प्रकाशाचा पाठ शिकवणार आहेत' एवढं पुरतं. वर्गासमोर तुम्हीही त्यांना सर किंवा मॅडमच म्हणा, वयाने ते तुमच्या भाच्याएवढे असले तरी. नववीच्या मुलांना फट फार लवकर सापडते.

पहिला आठवडा : मागच्या बाकावर

पहिल्या आठवड्यात पाठ नाही. ते तुमच्या तासाला मागे बसतील. पण नुसतं 'निरीक्षण करा' म्हटलंत तर ते तुमचं फलकलेखन वहीत उतरवून घेतील. काम नेमकं द्या. मी सांगते, मी काय बोलते ते लिहायचंच नाही, फक्त मुलं काय बोलतात ते लिहायचं, जसंच्या तसं, त्यांच्या भाषेत. चुकीची उत्तरं तर नक्कीच.

दोन-तीन तासांत वही भरते. 'पहिल्या बल्बने करंट खाल्ला म्हणून दुसरा मंद लागला.' 'झाडं रात्रीच श्वास घेतात.' 'चेंडू वर जातोय म्हणजे हाताचा जोर अजून त्यात आहे.' यातलं एकही उत्तर आळसातून आलेलं नाही. प्रत्येकामागे त्या मुलाचा स्वतःचा एक तर्क आहे. छात्राध्यापकाला हे दिसणं ही पहिली पायरी, कारण बी.एस्सी.ची तीन वर्षं तो बरोबर उत्तरंच वाचत, लिहीत आला आहे.

याच आठवड्यात प्रयोगशाळेत न्या. परिचर असेल तर त्यांच्याबरोबर, नसेल तर तुम्ही. जडवस्तू नोंदवही, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंद असलेली वही, हातात द्या आणि एक यादी करायला सांगा, कागदावर काय आहे आणि चालू स्थितीत काय आहे. अमीटर दहा, त्यांतले काटा हलणारे चार. सूक्ष्मदर्शक सहा, त्यांतल्या दोघांचे आरसे गायब. लिटमस आहे, पण दमट होऊन रंग उडालेला. ही यादी त्यांच्या पुढच्या सगळ्या पाठांचा पाया आहे. जे नाही त्यावर पाठ बेतायचा नाही, किंवा पर्याय शोधायचा. शिवाय तुमचीही वार्षिक पडताळणी परस्पर होऊन जाते, हा वरचा फायदा.

विषय येतो का, हे बघून घ्या

हे कुणी उघड बोलत नाही. माध्यमिकला विज्ञान एकच विषय, पण पदवी एका शाखेची. रसायनशास्त्राचा पदवीधर नववीत ध्वनी शिकवणार, वनस्पतीशास्त्राची पदवीधर धाराविद्युत शिकवणार. दोघांनीही तो भाग बारावीनंतर उघडलेला नसतो, आणि विचारायची लाज वाटते.

लाज वाटू न देता तपासायचा सोपा मार्ग म्हणजे पाठ वाटून दिल्यावर त्या पाठाचा स्वाध्याय त्यांनी वहीत सोडवून आणायचा, आकृत्यांसकट. उत्तरपत्रिका तपासतो तशी तपासू नका, समोर बसून बोला. आणि दोन-तीन प्रश्न पुस्तकाबाहेरचे विचारा. माझे ठरलेले काही :

चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच टोकावर त्याचा वेग शून्य. मग त्वरण किती? (पदवीधरांतलेही बरेच जण 'शून्य' म्हणतात. टोकावर गुरुत्वाकर्षण थांबत नाही, त्वरण तेवढंच, खालच्या दिशेने.)

वडाचं एवढं मोठं खोड, त्यातला बहुतेक पदार्थ आला कुठून? ('मातीतून' हे उत्तर हमखास येतं. कार्बन हवेतला, कार्बन डायऑक्साइडमधून आलेला.)

उकळत्या पाण्यातले मोठे बुडबुडे कशाचे? (हवेचे नाहीत, पाण्याच्या वाफेचे.)

चुकले तर त्यांना ओशाळवाणं करू नका. 'आता तुम्हाला कळलं ना, मुलं इथेच अडकणार आहेत' एवढंच म्हणायचं.

माध्यमाचंही बघा. बहुतेकांनी बी.एस्सी. इंग्रजीतून केलेलं असतं. मराठी माध्यमाच्या वर्गात अपवर्तन म्हणायचं तिथे परावर्तन तोंडातून निघून जातं, संवेग आणि वेग यांची सरमिसळ होते. सेमीच्या, म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून असलेल्या, वर्गात उलटं. संज्ञा इंग्रजीत, पण मुलं विचार मराठीत करतात, आणि छात्राध्यापक पुस्तकातलं वाक्य वाचून पुढे सरकतो. पाठातल्या संज्ञांची दोन्ही माध्यमांतली यादी त्यांनीच करावी आणि आदल्या दिवशी मोठ्याने बोलून बघावी.

प्रयोग आधी स्वतःच्या हाताने

इथे थोडं थांबते, कारण विज्ञानाचा शिक्षक इतर विषयांच्या शिक्षकापेक्षा वेगळा होतो तो इथे.

मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा शाळांत सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर पसरला. तो 2002 मध्ये बंद झाला, पण त्यातली एक गोष्ट आजही उचलण्यासारखी आहे. प्रशिक्षणात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग त्याच सामानाने करत, आणि शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला भेटून काय अडलं ते बोलत. आपल्याकडच्या प्रशिक्षणात बहुतेक वेळा प्रयोगाचं वर्णन ऐकवतात, नाहीतर व्हिडिओ दाखवतात.

मी प्रत्येक छात्राध्यापकाकडून पाठाआधी एक प्रयोग करून घेते. सगळ्यांना माहीत असलेला. ताटलीत रंगीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. विचारलं की उत्तर तयार असतं, 'ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन म्हणून पाणीही तेवढंच चढलं.'

मग म्हणते, परत करा आणि नीट बघा. पाणी कधी चढतं? ऑक्सिजन संपत गेल्यामुळे चढत असेल तर मेणबत्ती जळत असताना हळूहळू चढायला हवं. प्रत्यक्षात ज्योत मंदावते, विझते आणि त्यानंतर पाणी झपकन वर येतं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघाले का? निघाले, म्हणजे तापलेली हवा फुगून बाहेर गेली. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, ग्लास तोच. पाणी जास्त चढलं! हवेतला ऑक्सिजन तर तेवढाच होता.

या ठिकाणी खोलीत शांतता पसरते. मग हळूहळू जुळवाजुळव सुरू होते. गरम हवा प्रसरण पावून बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावली, आतला दाब कमी झाला आणि बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने पाणी आत ढकललं. ऑक्सिजन वापरला जातो हे खरं, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, आणि मुळात ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. 'एक पंचमांश' हा आकडा आपण शोधलेला नाही, आधीच माहीत होता म्हणून निकालावर चिकटवला.

या अर्ध्या तासात छात्राध्यापकाला जे कळतं ते टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

त्यानंतर नियम साधा. ज्या पाठात प्रयोग आहे तो आदल्या दिवशी शाळेतल्याच सामानाने करून बघायचा. घरी नाही, महाविद्यालयात नाही, इथल्याच. कारण इथला सेल उतरलेला असतो, इथल्या प्लग कीला गंज असतो, इथल्या मॅग्नेशियमच्या फितीवर थर बसलेला असतो आणि तो सँडपेपरने घासल्याशिवाय ती पेटत नाही. ओहमच्या नियमासाठी रोध तार सापडली नाही म्हणून कुणी टॉर्चचा बल्ब जोडतो आणि आलेख सरळ रेषेत येत नाही. तार तापते तसा तिचा रोध वाढतो, म्हणून. आदल्या दिवशी कळलं तर पाठ उलट जास्त रंगतो. वर्गात कळलं तर 'साधारण सरळच आहे' असं म्हणून मुलांच्या डोळ्यांदेखत आकडे बदलले जातात. ते मात्र होऊ देऊ नका.

हळदीच्या कागदाचंही तसंच. हळदीत बुडवून वाळवलेला गाळणकागद साबणाच्या पाण्याने लाल होतो, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. मुलं खूश. पण एखादी हुशार पोर विचारते, 'मॅडम, लिंबू आधीच टाकलं तर?' पिवळ्याचा पिवळाच. हळद आम्लारी ओळखते, आम्ल आणि उदासीन यांत फरक करत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी बरं, आम्लात गुलाबी-लालसर, आम्लारीत हिरवट. हे करून बघितलेल्याला तो प्रश्न आवडतो, न बघितलेला 'तो आपला विषय नाही' म्हणतो.

कल्पना हव्या असतील तर पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतली मुक्तांगण विज्ञान शोधिका आणि तिथून अरविंद गुप्तांनी पसरवलेली टाकाऊ वस्तूंची खेळणी, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं साहित्य, मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका, एवढी शिदोरी सोळा आठवड्यांना पुरून उरते. थर्माकोलचे ज्वालामुखी मात्र करू देऊ नका. दोन दिवस जातात आणि त्यात विज्ञान चिमूटभर.

टाचण

महाविद्यालयाचा नमुना असतो. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, अध्यापन पद्धती, शैक्षणिक साहित्य, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन. तो भरावाच लागतो, त्यावर वाद घालू नका. गुण त्यालाच आहेत.

पण तुमच्यासाठी वेगळा एक पाठकोरा कागद मागा. त्यावर तीन गोष्टी. आजच्या तासात मुलांना नक्की कोणती एक गोष्ट कळायला हवी? ती कळायच्या आड काय येणार आहे, म्हणजे मुलांच्या डोक्यात आधीपासून काय आहे? आणि कळली की नाही हे शेवटच्या पाच मिनिटांत कोणत्या एका प्रश्नावरून ठरवणार? नमुन्यात 'विद्यार्थी अंतर्गोल आरशाची व्याख्या सांगतो' असं असतं. कोऱ्या कागदावर 'चमच्याच्या आतल्या बाजूत चेहरा उलटा दिसतो, पण चमचा अगदी डोळ्याजवळ आणला तर काय होईल, हे आधी विचारीन' असं काहीतरी येतं. (चमचा खोल असल्यामुळे त्याचं नाभीय अंतर फार कमी. चेहरा सुलट दिसण्याइतका जवळ आणणं कठीण जातं, म्हणून इथे दाढी करायचा आरसा बरा.)

तास कागदावर पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. हजेरी आणि आधीच्या तासाचा फळा पुसणं वजा जाता तीस धरा. नवख्या माणसाची प्रस्तावनाच बारा मिनिटं चालते. कविता, कोडं, गोष्ट, मग 'तर मुलांनो, आज आपण...' हे महाविद्यालयात शिकवलेलं असतं. प्रस्तावना म्हणजे एक वस्तू आणि एक प्रश्न. तीन मिनिटं. एवढं सांगितलंत तरी तास वाचतो.

पाठ चालू असताना तुम्ही

वह्या तपासायला नेऊ नका. मोबाइलही नाही. मागे बसा आणि मध्ये बोलू नका. वर्ग थोडा गोंगाटला, प्रश्न फसला, वेळ संपत आली, तरी नाही. तुम्ही उठून 'ए, गप्प बसा रे' म्हणालात की त्या तासापुरता वर्ग तुमचा झाला.

अपवाद दोन. सुरक्षितता, तिथे ताबडतोब. आणि विषयातली धडधडीत चूक, पण ती तास संपायच्या आत छात्राध्यापकालाच दुरुस्त करता येईल अशा रीतीने. चिठ्ठी द्या, किंवा मुलासारखा हात वर करून विचारा, 'सर, ॲमीटर समांतर जोडला तर चालेल का?' चांगला माणूस इशारा ओळखतो.

बघताना काय टिपायचं? मी वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे वेळ आणि काय घडलं, उजवीकडे मुलांची उत्तरं. मत कुठेच नाही. 'समजलं का?' किती वेळा विचारलं त्याच्या रेघा मारते. 'हो' सोडून त्याला दुसरं उत्तर येत नाही, तेव्हा त्या रेघा पुढे बोलायला कामी येतात. प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबले, हेही. बहुतेक वेळा एकच सेकंद, आणि मग उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

पाठानंतरची दहा मिनिटं

त्याच दिवशी बसा, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको. पहिलं वाक्य 'छान झाला' नको आणि 'तीन चुका झाल्या' नको. साधारण असं बोलणं होऊ द्या :

'तिसऱ्या रांगेतल्या मुलीने काय उत्तर दिलं होतं, आठवतंय?'

'हो मॅडम, ती म्हणाली की अर्धा आरसा झाकला तर अर्धी प्रतिमा दिसेल.'

'मग तुम्ही?'

'मी चूक म्हटलं आणि दुसऱ्याला विचारलं.'

'तिला तसं का वाटलं असेल?'

इथे गप्प राहा. उत्तर यायला वेळ लागतो. बऱ्याचदा ते स्वतःच म्हणतात की, 'आकृतीत आपण दोनच किरण काढतो ना, म्हणून तिला वाटत असेल की तेवढ्याच किरणांनी प्रतिमा होते. अर्धा आरसा झाकला की अर्धे किरण गेले, म्हणून अर्धी प्रतिमा.' अगदी बरोबर. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्णच राहते, फक्त अंधूक होते. खिडकीची प्रतिमा अंतर्गोल आरशाने भिंतीवर पाडून पुठ्ठ्याने अर्धा आरसा झाकला की दहा सेकंदांत दिसतं.

'मग उद्या ब तुकडीला काय करणार?'

दोन तुकड्या मागितल्या त्या यासाठी. महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापनाचं 36 मिनिटांचं चक्र त्यांनी केलेलं असतं. 6 मिनिटं अध्यापन, 6 प्रत्याभरण (म्हणजे पाठ कसा झाला त्यावर अभिप्राय), 12 पुनर्नियोजन, 6 पुनर्अध्यापन, 6 पुन्हा प्रत्याभरण. समोर वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसलेले, त्यामुळे ते नाटक वाटतं, आणि एकदा परीक्षा झाली की कुणी त्याचं नाव काढत नाही. पण चक्राची कल्पना पक्की आहे. खऱ्या वर्गात ती अ आणि ब तुकडीत चालवा. आज अ, संध्याकाळी बोलणं, रात्री फेरबदल, उद्या ब. दुसऱ्या पाठात काय बदललं तेवढंच बघा. सुधारणेचा मुद्दा एका वेळी एकच द्या. सात मुद्दे दिलेत तर सातही हवेत जातात.

महाविद्यालयाला दोन पाठ वेगळे हवे असतात, तोच पाठ पुन्हा मोजत नाहीत, अशी अडचण येते. मेथड मास्टरांशी आधीच बोलून ठेवा. अनेक जण तयार होतात. नाही झाले तर दुसऱ्यांदा घेतलेला पाठ नोंदीबाहेर ठेवा, पण घ्या.

प्रात्यक्षिकाचा तास

साठ मुलं, चार संच. नवखा माणूस इथे हमखास गडबडतो. एकतर समोर स्वतः करून दाखवतो आणि मागच्या चाळीस जणांना काही दिसत नाही, किंवा सगळ्यांना एकदम टेबलाशी बोलावतो. त्यांना फिरते गट शिकवा. चार ठिकाणी चार छोटी कामं, दहा-दहा मिनिटांनी गट पुढे. एका ठिकाणी प्रयोग, दुसऱ्या ठिकाणी निरीक्षणाची आकृती, तिसऱ्या ठिकाणी दिलेल्या आकड्यांवरून आलेख, चौथ्या ठिकाणी प्रश्नपट्ट्या. दोन छात्राध्यापक असतील तर एक प्रयोगाच्या टेबलापाशी पक्का, तिथून हलायचं नाही.

सुरक्षिततेचं तोंडी सांगू नका, करून घ्या. आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल, थोडं थोडं, ढवळत. आम्लात पाणी कधीच नाही. मॅग्नेशियमच्या ज्योतीकडे थेट बघू नये. परीक्षानळीचं तोंड कुणाकडेच नसावं. स्पिरिटचा दिवा दुसऱ्या दिव्याने पेटवायचा नाही आणि फुंकून विझवायचा नाही, टोपण ठेवायचं. अंतर्गोल आरशाने सूर्यप्रकाश एकवटायचा असेल तर कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही हे आधी बघायचं. वाळूची बादली कुठे आहे ते त्यांनी स्वतः बोट दाखवून सांगायचं. लांब केस बांधलेले, ओढणी खोचलेली. दोन्ही त्यांच्या स्वतःच्याही.

शाळेबाहेरचं निरीक्षण एखादं तरी करू द्या. शून्य सावलीचा दिवस महाराष्ट्रात सगळीकडे वर्षातून दोनदा येतो, कारण अख्खं राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. गंमत अशी की पुण्या-मुंबईकडे पहिला मे महिन्यात येतो, तेव्हा शाळेला सुट्टी, आणि दुसरा जुलैच्या अखेरच्या आसपास, तेव्हा आभाळ. मग काय, एका काठीची सावली आठवडाभर मधल्या सुट्टीत मोजा. तेवढ्यावर छान तास होतो.

चाचणी आणि चुकीच्या उत्तरांचे गठ्ठे

घटक चाचणी काढताना संविधान तक्ता, म्हणजे कशावर किती गुणांचे प्रश्न याचा आराखडा, त्यांना येतो. येत नाही ते पेपर तपासणं. त्यांना सांगा, आधी गुण द्यायचे नाहीत. एक प्रश्न घ्यायचा आणि सगळ्या पेपरांतली त्या प्रश्नाची उत्तरं वाचून गठ्ठे करायचे, बरोबर, एका प्रकारे चुकलेली, दुसऱ्या प्रकारे चुकलेली, कोरी. मग लक्षात येतं की अठरा मुलं एकाच पद्धतीने चुकली आहेत. तो मुलांचा निष्काळजीपणा असू शकत नाही, तो आपल्या शिकवण्यात राहिलेला भाग आहे. त्या गठ्ठ्यावर एक तास पुन्हा घ्यायचा. गुण त्यानंतर.

शेरा, सही आणि पुढची वाट

शेवटच्या आठवड्यात वह्यांचा ढीग येतो. शेरा खरा लिहा. 'उत्तम' लिहून कुणाचं भलं होत नाही, पण 'फलकलेखन कमकुवत' असं लिहून गुण घालवण्यातही अर्थ नाही. काय बदललं ते लिहा. 'सुरुवातीला प्रश्नाचं उत्तर स्वतः देत. आता थांबतात.' असा शेरा पुढे मुलाखतीतही वाचला जातो.

नोकरीबद्दल विचारणार, नक्की विचारणार. माहिती असू द्या. माध्यमिक शाळेतही 6वी ते 8वीच्या जागेसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा दुसरा पेपर लागतो. 9वी-10वीसाठी टीईटी नसली तरी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, दोन्हीकडे लागते आणि भरती शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते. दोन परीक्षांच्या नावात दरवर्षी कुणीतरी गोंधळतं, तेव्हा कागदावर लिहूनच द्या. खासगी संस्थांनी मुलाखतीचा पर्याय घेतला असेल तर तिथे शिकवण्याचं कौशल्यही बघतात. त्यासाठी दोन पाठ सामानासकट तयार ठेवायला सांगा, पिशवीत मावतील असे. मेणबत्त्या, ताटली, ग्लास हा एक. हळदीचे कागद, साबण, लिंबू हा दुसरा, आणि जास्वंदीची फुलं त्या दिवशी सकाळीच तोडायची, शिळ्या फुलांचा रंग नीट उतरत नाही.